दिवे लख्ख, तरी सेल्फ लागेना : जुन्या गाडीच्या दुखण्याचं निदान

जानेवारीतली गोष्ट. सिंगापूरमध्ये हे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. रात्रभर पाऊस झोडपत होता. सकाळी सातला मुलीला शाळेत सोडायला खाली उतरलो, किल्ली फिरवली आणि 'टक्' असा एकच आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा 'टक्'. पुढचे दिवे मात्र लख्ख, रेडिओ चालू, वायपरही व्यवस्थित. मुलगी बसने गेली आणि मी गॅरेजला फोन केला.

अर्ध्या तासात एक अंकल जम्प स्टार्टचा डबा घेऊन आले. लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकाला, काळा चिमटा इंजिनच्या धातूला, किल्ली फिरवली आणि गाडी झटक्यात सुरू. "बॅटरी वीक. चेंज बेटर," अंकलनी निकाल दिला. बॅटरी दोन वर्षांची होती. इथल्या हवेत दोन-तीन वर्षांत बॅटरी जातेच, म्हणून मलाही पटलं. दीडशे डॉलर मोजून नवी बसवली. तीन आठवडे गाडी निमूट चालली. मग एका ओल्या शनिवारी सकाळी पुन्हा तोच 'टक्'.

नवी कोरी बॅटरी तीन आठवड्यांत कशी संपेल? पुण्यात उजाडायची वाट पाहिली आणि मामाला व्हिडिओ कॉल लावला. मामाची सगळी नोकरी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये गेली.

"बॅटरी बदलण्याआधी मीटर लावला होतास का?" मामाचा पहिला प्रश्न.

"नाही रे मामा. जम्प केल्यावर लगेच सुरू झाली ना, म्हणून वाटलं..."

"जम्प करताना काळा चिमटा कुठे लावला होता?"

"इंजिनला."

"मग झालं तर! त्यानं रोग झाकला, शोधला नाही."

त्या दिवशी मामाने फोनवरून जे करून घेतलं, त्यातून मला गाडीपेक्षा निदानाबद्दल जास्त शिकायला मिळालं. म्हणून हा लेख.

मीटरने काय सांगितलं

त्यासाठी लागतो एक साधा डिजिटल मल्टिमीटर. गाडी 'पार्क'मध्ये, हँडब्रेक ओढलेला, बाह्या आणि हात पट्ट्यांपासून लांब, आणि किल्ली फिरवायला दुसरं माणूस. आमच्याकडे ते काम बायकोने केलं.

मोजमाप पहिलं : रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १२.५ व्होल्ट. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर साधारण १२.६, निम्मी भरलेली असेल तर १२.२, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी समजायची. म्हणजे आमची बॅटरी बऱ्यापैकी भरलेली होती.

मोजमाप दुसरं : मीटर तसाच ठेवून किल्ली फिरवली. 'टक्' झालं, आणि आकडा ११.६ वर आला. बॅटरी खरंच कमजोर असती तर सेल्फने, म्हणजे स्टार्टर मोटरने, प्रवाह मागताच हा आकडा १० च्या खाली कोसळला असता. तो कोसळला नाही. याचा अर्थ बॅटरी द्यायला तयार आहे, पण दिलेलं सेल्फपर्यंत पोचत नाही.

मोजमाप तिसरं, आणि गंमत इथेच आहे : मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. ही दोन्ही ठिकाणं जाड तारेने एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे किल्ली फिरवताना सुद्धा त्यांच्यात जेमतेम अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक दिसायला हवा. आमच्याकडे दिसले जवळपास ६ व्होल्ट! बॅटरीने दिलेल्या ११.६ पैकी निम्म्याहून अधिक व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते.

मामा म्हणाला, "आता जम्पर केबलने ऋण टोक सरळ इंजिनला जोड आणि किल्ली फिरव." जोडलं. गाडी सुरू. बॅटरी तीच, सेल्फ तोच, बदलली होती फक्त परतीची वाट. गुन्हेगार होती गिअरबॉक्सजवळची अर्थिंगची पट्टी. तांब्याच्या तारांची ती वेणी टोकाशी हिरवट-पांढऱ्या गंजाने भरली होती.

आता अंकलच्या जम्प स्टार्टकडे पुन्हा पाहा. त्यांनी काळा चिमटा इंजिनला लावला होता. सुरक्षिततेच्या दृष्टीने तेच बरोबर आहे, कारण बॅटरीजवळ ठिणगी उडू नये. पण त्यामुळे ती गंजलेली पट्टी आपोआप वगळली गेली. गाडी सुरू झाली या एका निरीक्षणाला दोन स्पष्टीकरणं लागू पडत होती : बॅटरी कमजोर असणं, किंवा पट्टी खराब असणं. आम्ही दोघांनी पहिलं उचललं आणि दुसऱ्याचा विचारच केला नाही.

०.०५ ओहमची करामत

दिवे लख्ख असताना सेल्फ का लागत नाही, याचं उत्तर शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमात आहे. व्होल्टेजमधली घट म्हणजे प्रवाह गुणिले रोध. समजा गंजलेल्या सांध्याचा रोध आहे ०.०५ ओहम. साध्या मीटरच्या ओहमच्या पट्टीवर हा आकडा धड दिसणारही नाही. हेडलाइटच्या दोन बल्बना मिळून साधारण १० अँपिअर लागतात. तो प्रवाह अशा सांध्यातून गेला तर घट होईल फक्त अर्धा व्होल्ट. दिवा किंचित मंद होईल, डोळ्याला कळणारही नाही. पण सेल्फला लागतात दीडशेच्या आसपास अँपिअर. १५० गुणिले ०.०५ म्हणजे साडेसात व्होल्ट! तेवढी घट झाल्यावर सेल्फला फिरण्यापुरता प्रवाह मिळतच नाही, म्हणून 'टक्' करून तो गप्प बसतो. आमच्या गाडीत तर दिव्यांची परतीची वाट बॉडीतून थेट बॅटरीकडे जात होती, त्या पट्टीशी त्यांचा संबंधच नव्हता.

म्हणून असा सांधा ओहममध्ये मोजायचा नसतो. त्यातून पूर्ण प्रवाह वाहत असताना त्याच्या दोन बाजूंमधला व्होल्टेजचा फरक मोजायचा.

मग नव्या बॅटरीवर तीन आठवडे गाडी का चालली? कारण तेव्हा गंज थोडा कमी होता आणि नव्या दमाची बॅटरी ती घट भरून काढत होती. शिवाय बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही इंजिनवरच बसवलेला असतो, त्याच्या प्रवाहाचा रस्ताही याच पट्टीतून जातो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आमच्याकडे १३.२ दिसत होते. म्हणजे नवी बॅटरीही दररोज अर्धपोटी राहत होती. पट्टी तशीच राहिली असती, तर वर्षभरात तिसरी बॅटरीही आणावी लागली असती.

सिंगापूर आणि जुनी गाडी

भारतातल्या वाचकांना वाटेल, एवढा खटाटोप कशाला, गाडी बदलून टाका. इथे ते सोपं नाही. मे १९९० पासून सिंगापूरमध्ये गाडी बाळगायची तर सीओई घ्यावी लागते. हा दहा वर्षांचा परवाना लिलावात मिळतो. दहा वर्षं संपली की गाडी मोडीत काढायची, नाहीतर मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी किमतीइतके पैसे भरून परवाना पाच किंवा दहा वर्षांनी वाढवायचा. वाढवला की मुदतीआधी गाडी मोडीत काढल्यास मिळणारी सवलत हातची जाते. दहा वर्षांपुढे रोड टॅक्सवर दरवर्षी १० टक्के अधिभार चढत जातो आणि ५० टक्क्यांवर थांबतो. तपासणीही दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावी लागते.

एवढं करून ज्यांनी जुनी गाडी ठेवली आहे, त्यांना आणखी एक खर्च हळूहळू पोखरतो, तो म्हणजे चुकीच्या निदानाचा. दुखणं वीस डॉलरचं असतं आणि आपण दोनशेचा भाग बदलतो. भाग बदलल्यावर लक्षण काही दिवस दबतं, म्हणून चूक कळतही नाही.

हे टाळायला मेकॅनिक व्हायची गरज नाही. मामाची पद्धत तीन पायऱ्यांची आहे. बिघाड नेमका कधी होतो ते पाहायचं. मग शक्यतांचे दोन गट पाडेल अशी एखादी सोपी चाचणी करायची. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नेहमी भेटणाऱ्या काही तक्रारींवर ही पद्धत चालवून पाहू.

आवाज : इंजिनचा की चाकांचा?

आवाज आला की पहिला प्रश्न : तो इंजिनच्या वेगाबरोबर बदलतो की गाडीच्या वेगाबरोबर? गाडी उभी असताना हलकेच ॲक्सिलरेटर दाबा. आवाज वाढला तर तो इंजिनच्या बाजूचा : पट्टा, पुली, अल्टरनेटरचं बेअरिंग वगैरे. उभ्या गाडीत काहीच नाही, पण रस्त्यावर वेगाबरोबर घुमघुम वाढत जाते, तर तो चाकांच्या बाजूचा. एका मिनिटात अर्धी गाडी संशयातून बाहेर!

चाकांच्या बाजूचा असेल तर वळणावर कान द्या. गाडी उजवीकडे वळते तेव्हा वजन डाव्या चाकांवर येतं. त्या वेळी घुमघुम वाढली तर बहुधा डाव्या चाकाचं बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून चालवताना 'कट कट कट' असा आवाज येत असेल तर चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा बाहेरचा सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, झिजलेला असण्याची शक्यता मोठी. हे ऐकायला आपल्या एचडीबीच्या बहुमजली पार्किंगचा गोल रॅम्प उत्तम : गाडी सतत वळत असते आणि भिंतीवरून आवाज परत येतो. काच उतरवा, रेडिओ बंद करा. त्याच पार्किंगच्या रंगवलेल्या गुळगुळीत जमिनीवर टायर किंचाळतात, तो मात्र बिघाड नव्हे.

गाडीखालचं पाणी

इथल्या दमट हवेत एसी चालवला की त्यात भरपूर पाणी साठतं आणि ते नळीतून गाडीखाली ठिबकतं. स्वच्छ, बिनवासाचं, बिनचिकट पाणी असेल तर निश्चिंत राहा. उलट एसी तासभर चालूनही खाली थेंब नाही आणि पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओला, तर ती नळी तुंबली आहे. साधं काम, पण दुर्लक्ष केलं तर कुबट वास आणि बुरशी.

पाणी नसून दुसरं काही असेल अशी शंका आली तर रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवा. सकाळी डाग वाचा. तपकिरी-काळा डाग म्हणजे इंजिन ऑइल. लाल आणि तेलकट, तर बहुधा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. हिरवा, गुलाबी किंवा निळा, गुळचट वासाचा, तर कूलंट. फिकट पिवळा डाग चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर ब्रेक फ्लुइड असू शकतं, आणि मग गाडी हलवायचीच नाही. डाग गाडीच्या कोणत्या भागाखाली आहे त्याचा फोटो काढून ठेवा, मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो.

काटा कधी चढतो?

जोहोरला जाताना कॉजवेच्या रांगेत तासभर खोळंबला आहात आणि तापमानाचा काटा वर चढतोय. एक्स्प्रेसवेवर मात्र सगळं ठीक होतं. याचा अर्थ काय? पळत्या गाडीत रेडिएटरला वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीत तो पंख्याने ओढावा लागतो. म्हणजे संशय पंख्यावर, त्याच्या फ्यूजवर किंवा रिलेवर. याला दुजोरा देणारा आणखी एक पुरावा : एसीही उभ्या गाडीत कोमट आणि धावत्या गाडीत थंड होतो का? रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीलाही तोच वारा लागतो. दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर आधी पंखा पाहा, एसीचा गॅस भरायची घाई करू नका.

उलट, रांगेत ठीक पण वेगात किंवा चढावर काटा चढतो, तर वारा पुरेसा आहे, कमी पडतोय कूलंटचा प्रवाह : पातळी, थर्मोस्टॅट, पंप किंवा आतून बुजलेला रेडिएटर.

यातलं काहीही पाहताना गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. ते झाकण आत जास्तीचा दाब धरून ठेवतं, म्हणून कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो, कूलंट एका क्षणात उकळतं आणि उसळून अंगावर येतं. प्रेशर कुकरची शिट्टी काढण्यासारखंच, फक्त भाजणं फार वाईट. इंजिन बंद करून ते पूर्ण गार होऊ द्या.

महिनाभर भारतात, आणि परतल्यावर बॅटरी शून्य

हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, संगणकाची स्मृती थोडा प्रवाह घेतात. तो ५० मिलिअँपिअरपर्यंत असेल तर ठीक मानतात. तेवढ्याने दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे तीस दिवसांत ३६. आपल्या लहान गाड्यांच्या बॅटऱ्या साधारण ४५ अँपिअर-तासांच्या असतात. महिनाभराने त्या बसणारच, त्यात बिघाड काही नाही. जाताना ऋण टोक सोडवून ठेवा, प्रश्न मिटला. मात्र रेडिओला कोड लागतो का ते आधी पाहून घ्या.

पण दोन-तीन दिवसांच्या सुट्टीनंतरच बॅटरी बसत असेल तर कुठेतरी गळती आहे. सगळ्यात आधी पाहा डॅशकॅम. पार्किंग मोडमध्ये तो ३०० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास. आठवड्यात पूर्ण बॅटरी फस्त! त्याची जोडणी काढून चार दिवस पाहा. मग डिकीचा दिवा : झाकण लावताना फोनचा कॅमेरा आत चालू ठेवा, दिवा विझतो की नाही ते दिसेल.

यावर इथल्या उष्णतेची भर. लेड-ॲसिड बॅटरीबद्दल ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं, कारण आतल्या पट्ट्यांची झीज उष्णतेत वेगाने होते. थंड देशांत कमजोर बॅटरी हिवाळ्यात कुरकुरून पूर्वसूचना देते. सिंगापूरमध्ये हिवाळाच नाही, त्यामुळे ती एके दिवशी न सांगता जाते. म्हणून दर तीन महिन्यांनी सकाळी मीटर लावून आकडा वहीत लिहा. तो घसरत चालला की आधीच कळेल.

पिवळा दिवा आणि अदलाबदल

डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा लागला की लोक स्वस्तातला ओबीडी स्कॅनर लावतात, कोड येतो, आणि कोडमध्ये ज्याचं नाव तो भाग बदलतात. इथेच फसगत होते. कोड लक्षण सांगतो, कारण नाही. उदाहरणार्थ 'पी०१७१' म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी. सेन्सर खराब असेल, पण एखादी तडकलेली रबरी नळी जादा हवा आत घेत असेल तरी हाच कोड येतो.

'पी०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. प्लग, कॉइल की इंजेक्टर? प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद आणि गार असताना पहिली आणि दुसरी कॉइल आपसात बदला, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता 'पी०३०२' आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच दोषी. 'पी०३०१' कायम राहिला तर कॉइल निर्दोष, मग हाच प्रयोग प्लगवर. पैसा एक नाही, आणि पुरावा पक्का. मात्र दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवत राहू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळून टाकू शकतं.

कुठे थांबायचं

निदान करणं वेगळं आणि दुरुस्ती करणं वेगळं. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलचा वास, एअरबॅगच्या पिवळ्या वायरी, हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबल : इथे हात लावायचा नाही, सरळ तज्ज्ञाकडे. एक्स्प्रेसवेवर गाडी बंद पडली तर तिथे बॉनेट उघडून संशोधन करू नका. धोक्याचे दिवे लावा, कठड्याच्या पलीकडे सुरक्षित उभे राहा आणि मदत मागवा. एलटीएची गाडी जवळच्या ठरलेल्या पार्किंगपर्यंत फुकट ओढून नेते.

आणि मेकॅनिककडे जाताना "बॅटरी बदला" किंवा "सेन्सर बदला" असं सांगू नका. तसं सांगितलं की ते तेवढंच करतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्याऐवजी सांगा : "थंड इंजिनवर, पावसानंतर, 'टक्' आवाज येतो, त्या वेळी बॅटरीवर ११.६ व्होल्ट दिसतात." चांगल्या मेकॅनिकला एवढं पुरतं.

मी पुढच्या सोमवारी गॅरेजमध्ये गेलो आणि तिसरं मोजमाप अंकलसमोर पुन्हा करून दाखवलं. त्यांनी मीटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मुकाट्याने गाडीखाली गेले आणि वीस मिनिटांत नवी पट्टी बसवून आले. पट्टीचे अठरा डॉलर घेतले, मजुरी घेतली नाही. किल्ली फिरवल्यावर बॅटरी आणि इंजिन यांच्यातला फरक दिसला ०.१ व्होल्ट. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.२.

मामाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं : "छान. आता धन बाजूचाही सांधा मोजून ठेव."